ह्यांचा आवाज अजून फिरतोय

माझं माहेर त्र्यंबकेश्वरच्या अलीकडचं, रस्त्याला लागूनच. वडील देवळाच्या वाटेवर बेल-फुलं विकायचे, तवा लहानपण सगळं त्या गलक्यातच गेलं, गुरुजींचे मंत्र, जीपवाल्यांच्या आरोळ्या, पेढेवाल्यांचं बोलावणं, काय सांगू ताई तुम्हाला, घरात शांतता असली की मला झोप यायची नाय. म्हणून असेल, सिन्नरचं स्थळ आलं आणि मुलगा रिक्षातून पुकारा करतो असं कळलं तवा आई नाक मुरडत व्हती, आणि मी मनातून खूश. म्हणजे रिक्षावर कर्णा बांधायचा आणि गावभर सांगत फिरायचं, आज पाणी येणार नाय, अमक्या दुकानात साड्यांचा सेल लागलाय, तमक्याच्या घरी कोण गेलं, अंत्ययात्रा किती वाजता. आमच्या ह्यांचा आवाज असा की माळ्यावरची मांजर उठून बसायची. बरं, तो रेकॉर्डिंगचा फोन तिथं पिठाच्या गोणीवर ठेवा, खाली पडेल नायतर.

ह्यांचा एक नेम व्हता. सेल असो, सभा असो, ते एकदा रेकॉर्ड करायचे आणि दिवसभर लावून द्यायचे. पण मयताचा पुकारा कधी रेकॉर्ड केला नाय. मेलेल्याचं नाव जित्या माणसाच्या तोंडून जायला पायजे म्हणायचे, टेपवर नाय ठेवायचं. आधी त्या घरी जायचे, चपला रिक्षात ठेवून अनवाणी, आणि तीन गोष्टी विचारायचे, बापाचं नाव काय, गल्ली कोणती, आणि माणसाला लोक कशानं हाक मारायचे. मंगच माईक हातात घ्यायचे. घरी आले की मी ओट्यावरच तांब्या द्यायची, कोमट पाणी, घशाला गार चालायचं नाय. तो तांब्या रिकामा केल्याशिवाय माझ्याशी एक शब्द बोलायचे नायत. अठ्ठावीस वर्षं असंच. पोरबाळ झालं नाय, पण घर कधी मुकं वाटलं नाय बघा.

मंग एका सकाळी छातीत दुखतंय म्हणाले आणि गेले, मी चहाचं आधण ठेवलेलं तसंच. ह्यांचा पुकारा करायला गावात दुसरं कोणी नव्हतं. फोनवरूनच कळवलं सगळ्यांना.

दहाव्याला गंगेवर गेलो, नाशकाला, रामकुंडावर. पिंड ठेवला आणि कावळा काय शिवेना. झाडावर चांगले दहा-बारा बसलेले, पण एक खाली येईना. ऊन चढलं, गुरुजी घड्याळ बघायला लागले. एकेक जण हात जोडून सांगायला लागला, घराकडं बघू, वहिनीला अंतर देणार नाय, गिरणी चालू ठेवू. आमची ही पिठाची गिरणी, ह्यांच्या हयातीपासून मीच चालवते. तरी कावळा येईना. तवा माझा दीर, प्रकाश, मांडव-स्पीकरचं काम करतो, तो रडत रडत पुढं झाला आणि म्हणाला, दादा, तुझा आवाज मी बंद पडू देणार नाय. आणि एक कावळा सरळ खाली आला आणि शिवला. सगळ्यांनी नमस्कार केला, प्रकाश तर तिथंच पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडला. मी काहीच बोलले नाय. ते का, ते सांगीन नंतर.

आता ह्या गिरणीत कसं, डबा लावला की माणूस बसतंच, आणि बसलं की फोन काढतं. तवा जगातली बातमी आमच्याकडं पेपराच्या आधी येते. एक दिवस कोणीतरी वाचून दाखवलं, परदेशातल्या कुठल्या कंपनीनं काढलंय म्हणे, माणसाचा थोडासा आवाज दिला की मशीन त्याच आवाजात वाटेल ते बोलतंय, मराठीसुद्धा. झालं, पीठ राहिलं बाजूला. कुलकर्णी मास्तर म्हणाले आता आमच्यासारख्यांची गरज संपली, पोरं मशीनकडूनच शिकतील. नाशकाजवळ अंबडच्या कंपनीत जाणारा आमचा शेजारी म्हणाला, तुम्हाला आज कळलं व्हय, आमच्याकडं वेल्डिंग कधीच मशीन करतंय, चौघांना घरी बसवलं. एक बाई गप बसलेली, ती हळूच म्हणाली, माझ्या आईचे दोन निरोप हायेत फोनवर, तेवढे पुरतील का हो? नसीमभाभी म्हणाली तौबा तौबा, गेलेल्याला निजू द्या, त्याला कशाला कामाला लावता? आणि मी, माझी जीभ झडो, मी हसत हसत म्हटलं, आमच्या ह्यांचा काढून द्या कोणीतरी, घर लय मुकं झालंय.

ते प्रकाशच्या कानावर गेलं. तो आला, वहिनी, दादाच्या जुन्या रेकॉर्डिंगा कुठं हायेत? मीच ट्रंकेतून काढून दिल्या, माझ्या हातानं. आठ दिवसांनी प्रकाश ह्यांची रिक्षा घेऊन दारावरून गेला आणि कर्ण्यातून ह्यांचा आवाज. नव्या दुकानाचं उद्घाटन, ह्यांच्या मरणानंतर बांधलेलं दुकान, आणि हे सांगतायत की सर्वांनी अगत्य येण्याचं करावं. मी डोक्यावर पदर घेतला, सवयीनं. आणि काय येडेपणा बघा, आत जाऊन पाणी कोमट करायला ठेवलं.

गावाला लय कौतुक. लोक रिक्षा थांबवून फोटो काढायचे. कोणी म्हणायचं नशीबवान हायेस, मालक गेला तरी घरात बोलतोय, कोणी दारावरून जाताना मान खाली घालायचं. मला आधी गोड वाटलं, खोटं कशाला बोलू. मंग ध्यानात आलं की हे श्वास घेत नायत. पुकाऱ्याच्या मधी हे दम घ्यायचे, जराशी घरघर यायची, मी त्यावरून ओळखायची आज थंडी बाधलीये का. ह्या आवाजाला दमच लागत नव्हता. प्रकाशला म्हटलं बास कर आता, तर तो म्हणाला, वहिनी, कावळा शिवलाय माझ्या शब्दावर, कसं बंद करू?

आणि मंग प्रकाशनं मयताचे पुकारे सुरू केले. कोणाच्या घरी जायचं नाय, अनवाणी नाय, फोनवर नाव आलं की ते मशीनमधी टाकायचं.

त्या दिवशी हरिभाऊ शिंदे इथंच, ह्या स्टुलावर बसलेले. एसटीत कंडक्टर व्हते, आता पंचाहत्तरी उलटलेली, एकटेच राहतात, ह्यांचे जिवाभावाचे दोस्त, ह्यांना दत्तू म्हणूनच हाक मारायचे. बाजरीचा डबा मांडीवर. आणि रस्त्यावरून ह्यांचा आवाज आला, हरिभाऊ शिंदे यांचं दुःखद निधन झालं हाय, अंत्ययात्रा चार वाजता. गिरणी चालू असून मला सगळं ऐकू आलं. मेलेले व्हते ते दुसरे हरिभाऊ शिंदे, पलीकडच्या गल्लीतले, पण बापाचं नाव नाय, गल्ली नाय, काही नाय. बसलेले सगळे आधी हसले. हरिभाऊ नाय हसले. डबा खाली ठेवला आणि मला म्हणाले, सुमन, दत्तूनं बोलावलं गं मला.

बाजरी तशीच टाकून घरी गेले आणि खाटेवर पडले. खाणं सोडलं. शेजारणीनं भाकरी नेली तर म्हणाले आता कशाला. तिसऱ्या दिवशी मी गेले, तर चेहरा पार उतरलेला, ओठ सुकलेले. मी म्हटलं, अहो भाऊ, ते मशीन हाय, प्रकाशनं चुकीचं टाकलंय. तर म्हणाले, मशीन असेल, पण आवाज तर दत्तूचाच ना? आणि दत्तू इतक्या वर्षांत एका तरी नावाला चुकला का? माझ्या नवऱ्याच्या खरेपणावर तो माणूस मरायला निघाला व्हता.

तिथनं उठले ती सरळ प्रकाशकडं. चपला काढल्या, रिक्षातला माईक घेतला. तो म्हणाला वहिनी काय करता, मी म्हटलं गाडी हाक. आधी त्या दुसऱ्या हरिभाऊंच्या घरी गेले, तीन गोष्टी विचारल्या, त्यांची माफी मागितली. आणि मंग आयुष्यात पहिल्यांदा माईकवर बोलले. सगळं नीट सांगितलं, कोण गेलं, कोणाचा मुलगा, कोणती गल्ली. आणि सांगितलं की आपले हरिभाऊ, एसटीतले, कोंडाजींचे चिरंजीव, देवदयेनं जिवंत हायेत, आणि हे मी दत्तूची बायको सांगते. त्यांच्या दारासमोर तर तीन वेळा सांगितलं. चौथ्या वेळेला दार उघडलं. भिंतीला धरून उभे, आणि म्हणतात, अगं हळू, जित्या माणसाचं एवढं ओरडून सांगतात का? त्या दिवशी माझ्या हातचं पिठलं खाल्लं त्यांनी. आजही येतात दळणाला. पण मधीच रस्त्याकडं कान लावून बसतात, ते मला दिसतं.

प्रकाशनं माझ्या देखत सगळं पुसलं. मयताचे पुकारे आता मीच करते, अनवाणी. पण त्यानं तो आवाज आधीच दोघा-तिघा मांडववाल्यांना दिलेला, त्यांनी आणखी कोणाला दिला देव जाणे. मागच्या महिन्यात अंबडला भाचीकडं गेले, तर चौकात हे गाद्या विकत व्हते. जुनी गादी द्या, नवी घेऊन जा. मी पदर घेतला आणि रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिले. दुसरं काय करणार?

ताई, आता तो फोन बंद करा. नुसता बंद नाय, माझा आवाज पुसा त्यातला. तुम्हाला लिहायचं ते लिहा, माझी ना नाय, पण आवाज ठेवू नका. इकडं करा, मला बघू द्या. पुसला? सगळा?

बरं. मंग आता ते सांगते. गंगेवर प्रकाश बोलला ना, आवाज बंद पडू देणार नाय, अगदी त्याच वेळी मी मनात म्हटलं व्हतं, लय बोललात आयुष्यभर, आता गप पडून राहा, मी तुम्हाला मोकळं केलं. आणि कावळा शिवला. तो कोणाच्या शब्दाला शिवला, ते मला कळायला काही मार्ग नाय. म्हणून, अजून बोलत फिरत असतील तर घशाला लागेल, असं म्हणून रोज दिवेलागणीला ओट्यावर कोमट पाण्याचा तांब्या ठेवते. सकाळी तो भरलेलाच असतो, तुळशीला घालते.

बसा ताई, पाणी पिऊन जा. लय बोलवून घेतलंत, पण तुमचं भलं होवो.