मूठभर मिरी

मटणाच्या दुकानात माझ्यापुढे दोघी बहिणी रांगेत उभ्या होत्या.

“ताई, वाळवायच्या पट्ट्या उभ्या कापून घ्यायच्या ना?”

“आडव्या घे. उभ्या चिवट होतात, आणि बाबांना आता दात कुठेत?”

“मसाला?”

“मीठ बेतानं. मिरी मात्र मूठभर, आई घालायची तशी.”

“अगं, त्यावरून तर बाबा दरवेळी तिच्यावर खेकसायचे! जीभ भाजली म्हणून घर डोक्यावर घ्यायचे.”

“आणि डबा संपवायचे.”

“तरी मुद्दाम कशाला चिडवायचं त्यांना?”

“आई गेल्यापासून ते तुझ्याशी एक शब्द तरी बोललेत?”

“...नाही.”

“माझ्याशीही नाही.”

“दादा, पट्ट्या आडव्याच कापा हं, पातळ. ताई, मी दोन मुठी घालते.”