पाकात पडलेली चिमूट

न्हाई न्हाई ताई, त्यो मोबाईल ऱ्हाऊ द्या चालू, पन आदी तुमी सांगा — ह्या गोष्टीचा शेवट काय आसंल? लावा पैज! काय म्हनता, पोरगी मोठी शास्त्रज्ञ झाली आन म्हाताऱ्यानं टाळ्या वाजवल्या? हरला! त्यो शेवट प्रतीक्षानंच सांगितला तुमाला, लोनावळ्याशेजारच्या औंढ्यातल्या सत्काराला, माईक हातात घिऊन — "माझे पहिले गुरू दत्तोबा आबा." आन तुमी पुन्यावनं आलाव त्या गुरूचा फोटू काडाया. काडा की. दात न्हाईत, तवा तोंड मिटून बसतो.

आवो, मी कसला गुरू! सही बी धड येत न्हाई. लोनावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात एकतीस वर्सं भट्टीवर व्हतो, बास. आन खोड्या — त्या मातर लय. शेटच्या खुर्चीला पाक लावलेला मीच, त्यो उटला तर खुर्ची बी संगं उटली! हसताय न्हवं? समदे हसायचे. तितंच बिघडलो मी.

पाकाला हिरा व्हती — प्रतीक्षाची आई. पाक कसा बघत्यात म्हाईताय का? उकळता थेंब गार पान्यात टाकायचा, दाताखाली धरायचा, काचंवानी कट्ट वाजला की कढई उतरवायची. हिराला थेंब टाकाया बी लागायचा न्हाई, बुडबुड्याच्या आवाजावरनंच कळायचं. पोर नऊ वर्साची, साळा सुटली की खोक्यावर बसून पाढं लिवायची. एक दिस — आता हे — त्यो मोबाईल जरा — बरं, ऱ्हाऊ द्या. एक दिस हिरा शेंगदानं आनाया वळली, आन मी कढईत कोरड्या साखरंची चिमूट टाकली. का? गंमत! कोरडी साखर पडली की समदा पाक उलटा साखर व्हतो, रवाळ, नुसता भुगा — भट्टीवरच्या कुनालाबी इचारा. म्हनलं हिरा बोंबलंल, मी हसंन, च्या पाजीन, झालं. पन दिवाळीची आर्डर व्हती, आन कढई मोठी.

शेट आला. मी बोललो का? न्हाई. बायका कुजबुजल्या. आमच्याच आळीतल्या बायका, ताई. हिरा बौद्धवस्तीतली. म्हनल्या, हिचा हातच — फुडचं न्हाई बोलत मी. त्याच दिशी काडली तिला. दुसऱ्या कारखान्यात गेली, तर तिच्या आदी त्ये बोलनं तितं जाऊन बसल्यालं.

पोरगी माज्याकडं आली. "आबा, काल जमलेला पाक आज का बिघडला?" खरं बोलायची हिंमत न्हाई, मग काय, थट्टा केली — "आगं, साखरंचा एक शाना कन आस्तो, त्यो भाईरनं येतो आन बाकीच्यांना म्हनतो, चला, रांगंत उबं ऱ्हावा. की समदे ऱ्हात्यात!" हसली न्हाई ती. वहीत लिवून घेतलं.

मग कालेज, पुनं, बंगळूर, जर्मनी — दोन वर्सं हितं, दोन वर्सं तितं, बिऱ्हाड पाठीवर, चाळिशीला आली तवा कुटं पक्की नोकरी. म्या इचारलं, तुजी मशीन कसली गं? तर म्हनली, मशीन नाही आबा, कागद. पातळ वस्तू घट्ट होताना तिच्या पोटातले कण रांगेत कसे बसतात, ते गणितानं शोधायचं. म्हंजे बघा! मी थट्टेत सांगितल्यालं घिऊन पोरीनं जल्म काडला.

सत्कार झाल्यावर हितं आली, तुमी बसलाव तितंच बसली. म्हनली, "आबा, आईच्या त्या कढईचं गणित मी मांडलं. तेवढ्या गरम पाकाची आपोआप परत साखर होत नाही. बाहेरून कण पडावाच लागतो." आन माज्या तोंडाकडं बघत ऱ्हायली. तवा बोलायचं व्हतं, ताई. आन मी काय म्हनलं — "आसंल, मुंगीनं आनला!" पुन्यांदा खोडी! ह्या वयात! ती उटली, "जयभीम आबा" म्हनली आन गेली.

तिला म्हाईत आसंल का ओ? मग माईकवर गुरू कशापाई म्हनली — चिडवाया, का मला बोलाया वाट करून दिली? तुमी शिकल्याल्या, तुमाला कळत आसंल. मला त्या दिसापासनं जेवन ग्वाड लागत न्हाई. फोटू नगा काडू. मोबाईल बंद — न्हाई, चालूच ठेवा. छापा. दत्तोबानं चिमूट टाकली, आन हिराचा हात चांगला व्हता. आसंच छापा, माज्या नावानं.

काय? हिरा? गेली की, गेल्या उन्हाळ्यात. बंगल्यावाल्यांची भांडी घासली वीस वर्सं, पन त्ये न्हाई सांगत मी. लेक डाक्टर झाली — सुईवाली न्हवं, गनितातली — तवा मी गेलतो तिच्या दारात, थट्टेनंच म्हनलं, हिरे, तुज्या हातचं कायतरी ग्वाड दे की. तिनं इकतचा पेढ्याचा पुडा फुडं केला. शेजारची शालन मला भाईर येऊन सांगती — "आबा, ती चुलीवर साखर चडवतच न्हाई. म्हनती, माज्या हातानं बिघडतं." लेकीच्या वाडदिसाचा शिरा बी शालनकडनं करून घ्यायची, ताई. दर वर्साला. मरंपतूर.