उजव्या चाकाचा बॉलजॉइंट

मी, वय २३ वर्षे, शिक्षण नववी, धंदा गाडी दुरुस्ती, राहणार थोरल्या भावाच्या गॅरेजवरची खोली, आज सकाळी दहा वाजता पोलीस ठाण्यात स्वतःहून येऊन सांगतो की,

मी दादाच्या हाताखाली सात वर्षे काम करतो. सामानाच्या याद्या मी लिहितो, म्हणून तो मला मास्तर म्हणतो.

सोमवारी सकाळी नऊ वाजता टॅक्सीवाले काका गाडी घेऊन आले. गाडी चार लाख अकरा हजार किलोमीटर चाललेली होती. पुढच्या दोन्ही चाकांचे खालचे बॉलजॉइंट, म्हणजे ज्या सांध्यावर चाक वळते तो भाग, झिजले होते. काका म्हणाले, "माझ्या कमरेचं राहू दे, हिचे सांधे तेवढे बदला." दुकानातून दोन नवे आणले. दोन्ही बाजूंना एकच माप चालते. खोकीही सारखीच.

डावी बाजू मी केली. काढलेला पार्ट नव्याच्या खोक्यात घालून गिऱ्हाइकाला दाखवायची आमच्याकडे पद्धत आहे. बाकीचे तसाच काळा घालतात. मी रॉकेलने धुऊन, पुसून, वर ग्रीस चोळून घातला. दादा म्हणाला, "मास्तर, म्हाताऱ्याला अंघोळ घालून काय नवरदेव करायचाय?" ते खोके मी टेबलावर ठेवले. दुसरे नवे खोके फळीवर होते.

एक वाजून दहा मिनिटांनी मी जेवायला गेलो. पावणेदोनला परत आलो तेव्हा उजवी बाजू दादाने बसवली होती. दादाला जवळचे नीट दिसत नाही. चष्मा तो गॅरेजवर लावत नाही.

काम झाल्यावर चाक दोन्ही हातांनी धरून हलवून बघायचे असते. डावे मी हलवून बघितले. उजवे बघितले नाही. दादाचे काम तपासणे मला बरे वाटले नाही. काकांना दाखवायला टेबलावरचे खोके उघडले. आत एकच जुना पार्ट होता, काळा. मी धुतलेला दादाने भंगारात टाकला असेल असे मला वाटले. काकांनी विचारले, "दोन्ही नवे ना रे?" मी हो म्हणालो.

गुरुवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी पुलाच्या उतारावर उजवे चाक आडवे झाले आणि गाडी भिंतीवर गेली. काका दवाखान्यात नेताना वारले.

दुकानदाराने खराब माल दिला, असे दादाने काल जबाबात सांगितले. दुकानदाराला तुम्ही इथे बसवून ठेवले आहे. दादा खोटे बोललेला नाही. त्याला तसेच वाटते.

काल संध्याकाळी साडेसहा वाजता मी फळी आवरली. नवे खोके तिथेच होते, सील न फोडलेले. मी वहिनीला सांगितले. ती कपड्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, "नाल्यात टाक ते. सख्ख्या भावाला आत घालणार आहेस का?" मी टाकले नाही. ते खोके सोबत आणले आहे, ते जमा करून घ्यावे.

जुना पार्ट धुऊन खोक्यात मी ठेवला, हे आधी लिहावे. तोच नवा समजून उजवीकडे बसवला दादाने, हे नंतर.

दादा बाहेर बाकावर बसला आहे. मी दुकानाची पावती द्यायला आलो आहे असे त्याला वाटते.

वरचा मजकूर मला वाचून दाखवला, मग मी स्वतः दोनदा वाचला. सांगितले तसेच लिहिलेले आहे. दादाला हे मी सांगेन. तोवर त्याला आत बोलावू नये.