मालनच्या मसाल्याला डिझेलचा वास

...नाही, पण मला एक सांगा, वास काय पोस्टमन आहे का, कडी वाजवून यायला? अचानक आला की हळूहळू? विमा कंपनीचा सर्व्हेअर हे मला विचारतो!

तुम्हाला सांगतो, आमची खोली लालबागला, चाळीत, तळमजल्यावर. मागे टॉवर झाला, त्यांच्या जनरेटरची डिझेलची टाकी आमच्या भिंतीला चिकटून. ती गळली. डिझेल झिरपत आलं लादीखालून, आणि ओट्याखाली काय होतं? मालनची मसाल्याची बरणी. बायको हो माझी. मे महिन्यात मिरच्या वाळवल्या, स्वतः उभी राहून मसाला कांडून घेतला, वर हिंगाचा खडा ठेवला आणि मला बजावलं, "माका इचारल्याशिवाय बरणी उघडूची नाय." आणि गणपतीच्या आधी गेली. आता विचारू कोणाला?

मुलाने, हितेंद्रने, घराचा विमा काढलेला. सर्व्हेअर येणार म्हटल्यावर आमची सून अक्षदा सकाळपासून कामाला लागली... घरी माणूस येणार ना! फिनेलने लादी घासली, धूप घातला, आणि मी शहाणा, म्हटलं दारात रांगोळीपण काढ. तो आला, नाक वर करून म्हणतो, "काका, इथे तर देवळासारखा वास येतोय." मग बरणी हुंगायला दिली, तर शिंकतच सुटला. डोळे पुसत विचारतो, "डिझेल अचानक आलं की हळूहळू? अचानक असेल तर बघू. हळूहळू झिरपलेलं प्रदूषण पॉलिसीत बसत नाही."

आता मालनची बरणी मध्ये ठेवून खोटं बोलू? सांगितलं खरं ते, की बरेच दिवस लादी चिकट लागायची, आम्हाला वाटायचं तेल सांडलंय. झालं! क्लेम नामंजूर. हितेंद्र म्हणतो, बाबा, अचानक म्हणायला काय जात होतं तुमचं? अक्षदा म्हणते, टाकून देऊ या. नाही टाकवत हो. मसाला काय, मसाला गल्लीत पोत्याने मिळेल... तिचा हात कुठून आणू?

रोज झाकण काढतो. आधी तिला विचारतो, उघडू का? मग डिझेल येतं, भपकन, एकदम अचानक. नाक तिथेच ठेवायचं. थांबायचं. मग हळूहळू मालन येते...

पण काय करणार, हळूहळू येणारं पॉलिसीत बसत नाही.