आधी कागद

...नाही, पण तुम्हीच सांगा, जमिनीचा कागद मागितला यात माझं काय चुकलं? मेहुणा म्हणतो, "भावोजी, प्लॉट घ्यायचाय की त्याच्याशी सोयरीक जमवायचीय?" अरे बाबा, राहतं घर विकून घेतोय, बायकोला तिथे मोठी भाजीबाग करायचीय, आणि त्या मातीत पूर्वी कोणी काय ओतलंय ते कोणाला ठाऊक? म्हटलं, आधी कागद!

तुम्हाला सांगतो, तीन दिवस रेकॉर्ड रूममध्ये ठाण मांडलं. तिथला कारकून म्हणजे... मान वर न करता, "अर्ज." दिला. "दोन प्रती." दिल्या. "साहेब जेवायला गेलेत." अहो, सकाळी सव्वादहा वाजता? पण मी हललो नाही. आणि शेवटी आले ना एकेक नकाशे, चादरीएवढे, उलगडले की शिंका... मला जो काही चेव चढला, सत्तर वर्षं मागे गेलो. आमचा प्लॉट? गवत. त्याच्या आधी? गवत. त्याच्याही आधी? गवतच, आणि कोपऱ्यात एक विहीर. इतकी निर्मळ जमीन की तिथल्या तिथे बायकोला फोन लावला. ती म्हणते, "म्हणजे गवत बघायला तीन दिवस लागले होय?" कौतुक म्हणून नाही हो.

शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ होते, त्यांना मात्र कौतुक. बिचारे नकाशा उलटा धरून बसलेले, मला राहवेना. म्हटलं, अहो असं नाही, हे घ्या माझं भिंग. रेघारेघांचं ते शेत, चौकोन ते घर, आणि ओळीने गोल दिसले की समजा हौद, तिथे कातडी कमावत असणार. मग परवान्यांची जुनी वही काढायची... तीही मीच काढून दिली, स्टुलावर चढून. आणि काय सांगू, दहा मिनिटांत गृहस्थ ओरडले, "गोल! सहा गोल!" मीही उडीच मारली. परवाना सापडला, चाळीस वर्षं चाललेला कारखाना सापडला, घाण पाण्याचा चरसुद्धा सापडला. आम्ही एकमेकांना टाळ्या देतोय, कारकुनाने पहिल्यांदा मान वर केली.

गृहस्थांचे डोळे भरून आले. "तुमचे उपकार कसे फेडू? एजंटने हे घर माझ्या गळ्यात मारलंच होतं, उद्या सही होती." मी म्हटलं, उपकार कसले, आधी कागद! बरं, कुठलं घर म्हणायचं हे?

त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. "हे बघा, पाण्याच्या टाकीमागची गल्ली, शेवटून दुसरं. दारात भोपळ्याचा वेल आहे. मालकीणबाई स्वभावाने फार चांगल्या. मालक तेवढे भेटले नाहीत, तीन दिवस कुठेतरी कामात अडकलेत म्हणे."

अहो, तो वेल माझ्या बायकोने लावलाय. अकरा वर्षं आम्ही तेच भोपळे खातोय... आणि हे आपले आपुलकीने विचारतात, "त्या मालकाला हे ठाऊक असेल का हो?"

म्हटलं, "आत्ताच कळलं त्याला."