कपाटातलं लायसन

लिहून घ्यायचं तर मी सांगतो तसं घ्या ताई, मधे आपलं काही घालू नका. मी तिसरीपर्यंत शिकलोय, सही येते मला, अंगठा मी जन्मात कुठं दिला नाय. आमचं गाव निफाडच्या पल्याड, आमची बौद्धांची वीस-बावीस घरं गावाच्या खालच्या अंगाला. बाप माझा, सखाराम, दुसऱ्याची बैलगाडी हाकायचा, तो थकला तसा मी हाकायला लागलो, ऊस नेला, कांदा लासलगावच्या मार्केटात नेला. बैलाला मी कधी चाबूक लावला नाय. नुसत्या आवाजावर चालवायचो, गावात कुणालाही विचारा, म्हणजे विचारलं असतं, आता विचारायला कोण राहिलंय.

तर आप्पा. आप्पा म्हणजे आमच्या गावचे द्राक्षाचे बागाईतदार, त्यांच्या मळ्यात मी कामाला. तो बहात्तरचा मोठा दुष्काळ होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा त्यांनी नाशकातनं एक जुनी मोटार आणली, पांढरी, गेअरचा दांडा स्टेरिंगच्या बगलेला. आधी स्वतःच चालवायचे, पण डोळ्यात मोतीबिंदू उतरला आन एक दिवस समोरची म्हैस दिसली नाय. म्हैस वाचली, पण त्यांच्या मंडळी, माई, म्हणल्या आता बास. मग आप्पांनी मला ओसरीवर बोलावलं, म्हणले किसन्या, बैल तुझं ऐकतात, ही बी ऐकंल. मी म्हणलं ऐकंल. येत नाय असं म्हणायची मला सवय नाय, ती तेव्हाही नव्हती, त्या वेळेला तर मी तिशीचा होतो.

आता काय सांगू तुम्हाला. कांदा काढून मोकळ्या झालेल्या वावरात शिकवणी. मी स्टेरिंगवर, आप्पा शेजारी, मांडीला मांडी लावून, हातात काठी. डावा पाय क्लच, मधला ब्रेक, उजवा रेस. क्लच दाब, गेअर टाक, क्लच हळू सोड, रेस दे. बोलायला सोपं हाय. माझा डावा पाय बैलगाडीत जन्मभर लोंबकळत बसलेला, त्याला कुठलं आलंय काम. मग गेअर बदलायची वेळ झाली की आप्पांची काठी माझ्या डाव्या गुडघ्यावर. फटका नाय, टिचकी, पण रोजची. काठी पडली की क्लच. म्हणजे बैलाला मी कधी लावलं नाय ते मला लागलं, बघा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाडी जरा पळाली आन समोर द्राक्षाचा मांडव आला. आता थांबवायची तर ब्रेक दाबायचा ना. मी काय केलं, दोन्ही हातांनी स्टेरिंग छातीकडं ओढलं, कासरा ओढतात तसं, आन तोंडानं हो हो हो. गाडी गेली तारा तोडून आत. घोस काचेवर. आप्पा म्हणले किसन्या, तुझ्या बैलाला सांग, एवढी द्राक्षं खाऊन त्याला ढाळ लागतील. सगळा मळा हसला. मी नाय हसलो. त्या दिवशी जेवलो बी नाय, पेंडीच्या पोत्यावर बसून नुसता पाय दाबत राहिलो, क्लच, ब्रेक, क्लच, ब्रेक, बायको म्हणाली याला वारं लागलं.

मग कालव्याच्या चढावर हाफ क्लच. चढावर गाडी थांबवायची, ब्रेक सोडायचा, आन नुसत्या क्लच-रेसवर धरून ठेवायची, पुढं नाय, मागं नाय. आप्पा खाली उतरून मागच्या चाकामागं आपल्या नव्या वहाणा ठेवायचे. म्हणायचे आता मागं येऊन दाखव. एकदाच आली. एक वहाण गेली. आप्पा अनवाणी घरापर्यंत चालत गेले पण गाडीत बसले नाय, तेही माझ्याच जातकुळीचे, हट्टात म्हणतोय मी. पुढं मला हाफ क्लच असा जमला की साहेबानं नाशकात परीक्षा घेतली तेव्हा एका खेपेत पास. आन लायसन मिळालं. छोटी वही असायची तेव्हा. त्याच्यावर लिहिलेलं, किसन सखाराम. किसन्या नाय. कुणी तरी माझं नाव असं सरळ लिहिलंय हे मी पहिल्यांदा बघितलं.

गाडीत बसलो तर आप्पांनी हात पुढं केला. म्हणले दे इकडं, घामानं खराब करशील. मी दिलं. तेव्हापासनं असं, गाडी निघाली की लायसन आप्पांच्या खिशात, गाडी आली की आतल्या खोलीतल्या कपाटात. गाडीची चावी ओसरीवरच्या खुंटीला. मी ओसरीपर्यंत. आत मला कुणी बोलावलं नाय आन बोलावल्याबिगर जाणारा मी नाय.

तीनेक वर्षं गेली. माझा साडू नाशकाला लागून अंबड हाय, तिथं कारखान्यात लागला होता. तो आला, म्हणला टेम्पोवर डायव्हर पाहिजे, मी साहेबाशी बोललोय, शनिवारी लायसन घेऊन गेटवर ये, पोरी नाशकात शाळेला जातील. मी आप्पांना म्हणलं, मला लायसन पाहिजे. आप्पा म्हणले कशाला, गाडी तर हितं हाय. मी एकदा मागतो. दुसऱ्यांदा नाय.

आता नशीब बघा. आप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्याच शनिवारी डोळ्याची पट्टी सोडायला नाशिकला जायचं, आन लायसनची मुदतही संपलेली, ते नवं करून घ्यायचं. सही माझी लागती म्हणून लायसनच्या ऑफिसात मी एकटा गेलो. खिडकीतनं लायसन माझ्या हातात आलं. आप्पा बाहेर गाडीत, पट्टी सुटलेली पण डोळ्यावर हिरवं फडकं, काही दिसत नाय त्यांना. साडू तिकडं कारखान्याच्या गेटवर उभा. रिक्षा केली असती तर पोचलो असतो. मी दारात उभा राहिलो, किती वेळ सांगता येत नाय. आंधळ्या माणसाला भर रस्त्यात टाकून जायचं कसं. ज्यानं काठी मारून का होईना पायाला अक्कल दिली. गाडीत बसलो. चावी फिरवायच्या आधी आप्पांनी हात पुढं केला, मी बसलोय कुठं ते दिसत नव्हतं म्हणून हात जरा भलतीकडं, गेअरच्या दांड्याकडं. मी तो हात सरळ केला आन त्याच्यावर लायसन ठेवलं. कुणी हिसकावलं नाय ताई. मी ठेवलं.

त्याच्यानंतर सात-आठ वर्षं गाडी चालवली. डुप्लिकेट काढता येतं हे मला कुणी सांगितलं नाय, आन विचारणं माझ्यात नव्हतं.

आप्पा गेले. तेराव्यानंतर माईंनी हाक मारली, किसन, आत ये. पहिल्यांदा. मी चप्पल काढून गेलो. कपाटाला कुलूप नव्हतं. कडी बी नव्हती. पल्ला आपोआप उघडायचा म्हणून फटीत कागदाची घडी खोचलेली. माईंनी ती काढली, लायसन दिलं, म्हणल्या तुझीच वस्तू, इतक्या वर्षांत घेऊन का नाय गेलास रे. मी म्हणलं माई, ओसरीवरनं कपाट दिसत नाय. त्या तिथंच खाली बसल्या. वाईट बाई नव्हती ती.

अंबडला जाऊन आलो मी. साडू म्हणला त्या जागेवर आता तिसरा माणूस हाय. माघारी आलो आन तीच गाडी आप्पांच्या लेकासाठी चालवली. फक्त लायसन माझ्या खिशात. घामानं खराब झालं, झालं तर झालं.

आता नात नाशकात बँकेत हाय, तिच्या गाडीला क्लचच नाय. मी शेजारी बसतो, गतिरोधक आला की माझा डावा पाय आपोआप खाली जातो. ती म्हणती बाबा, तिथं काय नाय. पायाला कुठं माहिती. पण गुणी हाय पोरगी, भलं होवो तिचं. गाडी काढायच्या आधी मी रोज एकच विचारतो, लायसन कुठं हाय. ती म्हणती, बाबा, माझ्याजवळ. मग मी म्हणतो, चल.