डांबरगोळ्यांच्या वासाची आई

—धुतला! हो डॉक्टरबाई, मीच धुतला, दर सोमवारी, या हातांनी! त्यात डोळे वटारण्यासारखं काय आहे? भाड्याने गेलेला पोशाख परत आला की धुवायचा, वाळवायचा, डांबरगोळ्या घालून घडी करायची — वडिलांपासूनची पद्धत. तुमच्या प्राण्यांच्या केंद्रातून अस्वलाचा पोशाख नख्यांनी उसवून टाके घालायला यायचा, तो काय वासाचा! 'धुवू नका' अशी चिठ्ठी टाचलेली असायची, खरं आहे — मला वाटलं, संकोच. शिकलेली माणसं, उगाच त्रास नको म्हणत असतील. मी आपला धुऊन, ब्रश मारून द्यायचो. फुकट!

काय लिहिताय? पाटी इकडे धरा. 'हळू बोला.' हळूच तर बोलतोय! झोपलंय ना पोर, तुमच्या टोपलीत, फडक्याखाली. नियम ठाऊक आहे मला — अस्वलाच्या पिल्लाने माणसाचं तोंड बघायचं नाही, आवाज ऐकायचा नाही. चोरट्यांनी फळांच्या खोक्यात कोंबलेलं पोर, तुम्ही सोडवलंत, मोठं करून रानात सोडणार. माणसाची सवय लागली तर उद्या गावात शिरेल, आणि कोणीतरी गोळी घालेल. म्हणून अस्वलाच्या वेषात बाटली पाजायची. पटलं! पटलं म्हणून तर पोशाख दिला. खरं सांगू? तो मुळात माकडाचा. शेपूट मी कापली — पण तुमच्या पोराने कुठे तक्रार केली?

मग तुम्ही नवा आणलात. रानातल्या अस्वलाच्या शेणात लोळवून — हसत नाहीये मी — आणि पोर कोपऱ्यात पळालं, दोन दिवस दुधाचा थेंब नाही. पळेलच! त्याच्या आईच्या अंगाला जन्मात कधी असला वास आलेला नाही. त्याची आई डांबरगोळ्यांच्या वासाची, साबणाने धुतलेली, चांगल्या घरातली!

जुना पोशाख ना? तो... बसा ना, बसा. तुम्ही नवा आणलात म्हटल्यावर माल पडून कशाला ठेवायचा? बुटांच्या दुकानाचं उद्घाटन आहे, एक जण तो घालून दारात नाचतोय. अहो, रडू नका. फोन लावतोय ना मघापासून — उचलत नाही. उचलणार कसा, हाताला पंजे!

अरे — टोपलीवरचं फडकं हललं. अहो, बाही धरली माझी! सोड रे, नवा सदरा... डॉक्टरबाई, चोखतोय. बाही चोखतोय! चाळीस वर्षं डांबरगोळ्यांत बसलोय मी. बायको म्हणते, तुम्हाला कसर लागायची नाही, पण जवळही कोणी बसायचं नाही. आणि हा बघा.

खिशातल्या गोळ्या? काढल्या, विषारी असतात, कळतं मला. बरणीत टाकल्या, झाकण घट्ट. तरी सोडत नाही! तोंड झाकायला एखादा मुखवटा द्या — वाघ नको, घाबरेल. तो ससा द्या, वरच्या फळीवरचा, कान मोडलेला. पुढे सशाला आई समजला तरी बिघडत नाही, ससे गोळी घालत नाहीत. हं. बाटली द्या आता. ये बाळा... लागला! पितोय हो! अहो, आमची धाकटी अशीच, आत्याच्या मांडीवर काही केल्या प्यायची नाही, आणि माझ्याकडे दिली की—

पुन्हा पाटी? या सशाच्या डोक्यातून दिसत नाही, जवळ आणा. 'गप्प बसा. तुमचा आवाज ओळखायला लागला तर कधीच रानात जाणार नाही.'

...माझा आवाज?

म्हणजे अर्धी बाटली झाली, तेवढ्यात... बरं. बरं. शटर ओढा. गिऱ्हाईक आलं तर सांगा, मालक बाहेर — नाही, तुम्हालाही बोलायचं नाही. पाटी अडकवा बाहेर, 'दुकान बंद'. एवढंच शेवटचं सांगतो, तो मोठा झाल्यावर तुम्ही कधी त्याला माझ्याबद्दल —

नाही. राहू द्या.